विहीणबाईंची शिकवणी

हिराबाई ओव्हाळांना यंत्रांचं भारी वेड. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत पहिला मायक्रोवेव्ह आला तो त्यांच्याकडे. बघायला आलेल्या बायकांना त्यांनी त्यात पाणी उकळून दाखवलं, कारण दुसरं काही करायला त्यांना येतच नव्हतं. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या, सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. सगळा जन्म शिफ्टमध्ये गेला. मुलगा अनिरुद्ध आधी आजीच्या हातचं जेवला आणि आजी गेल्यावर बापाच्या हातचं. भीमराव दारूगोळ्याच्या कारखान्यातून दमून यायचे, पिठलं टाकायचे आणि पोराला सांगायचे, "तुझी आई साऱ्या पुण्याला जोडून देते, फक्त पातेलं आणि गॅस तेवढा जोडता येत नाही तिला."

भीमराव गेले. पोरगं इंजिनिअर झालं, हिंजवडीच्या कंपनीत लागलं आणि तिथून हॉलंडला गेलं. जाताना ऋतुजाशी लग्न करून गेलं. ऋतुजा आळंदी रस्त्याच्या पलीकडल्या एका गावातली. आता त्याला गाव म्हणायचं फक्त सवयीनं, कारण शेतांवर बारा-बारा मजली इमारती उठल्यात आणि शेतवाल्यांच्या दारात पांढऱ्या गाड्या. पैसा आला, पण मुलीनं बौद्धाच्या घरात लग्न केलं म्हटल्यावर तिच्या बापानं लग्नात पाऊल टाकलं नाही. आई मथुराबाईही आल्या नाहीत. पुढं नातू झाला आणि राग निवळला. म्हणजे लेकीवरचा निवळला. व्याह्यांच्या घराचं काय, ते कुणी बोललं नाही.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा अनिरुद्धचा व्हिडिओ कॉल आला. ऋतुजाची रजा संपत आली होती. गरोदरपणात तिची शुगर वाढली होती, तेव्हापासून डबाबंद, फ्रोझन सगळं बंद, आणि ऑफिसातून आल्यावर कांदा चिरायचं त्राण दोघांतही नसायचं.

"आई, तू ये," तो म्हणाला. "इथं सगळी यंत्रं आहेत. ताजं, घरचं, कमी तेलाचं करायचं आणि बाळाला बघायचं. बस."

हिराबाई हरखून गेल्या. त्याच आठवड्यात त्यांनी लेकाकडं होता तसलाच विजेचा प्रेशर कुकर आणला, बाळाचं वाफवून वाटणारं यंत्र आणलं, आणि साठाव्या वर्षी स्वयंपाक शिकायला बसल्या. करपलं ते स्वतः खाल्लं, जमलं ते शेजारी वाटलं. भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालं की मी नातवाकडं चाललेय. बाळाला अजून त्यांनी फोनच्या काचेपलीकडंच पाहिलं होतं. एकदा मांडीवर घ्यायचं होतं, बाकी काही नको होतं.

महिन्यानं पुन्हा फोन.

"आई, थोडा प्रॉब्लेम झालाय. ऋतुजाची आई यायचं म्हणतायत. त्या घरातून पहिल्यांदाच कुणी आपणहून काही म्हणतंय. आत्ता नाही म्हटलं तर परत तुटेल. आणि खरं सांगू? काकूंच्या हाताला चव आहे."

"मग मी?"

"दोघी एकदम नको, घर एवढंसं आहे. फक्त ही यंत्रं त्यांना येत नाहीत. तू शिकवशील? शेवटच्या दिवशी आम्हाला व्हिडिओवर करून दाखवा. जमलं तर त्यांचं तिकीट काढतो, नाही जमलं तर तुझं."

आता बघा, पोटचा पोर आईची परीक्षा घेतो, ती घेतोच, वर पेपर काढायचं कामही आईलाच सांगतो. पण हिराबाई हो म्हणाल्या. त्या बाईला जमणारच नाही, अशी त्यांची खात्री होती.

मथुराबाई आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, खाली गाडीत ड्रायव्हर आणि हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. कुकरकडं बघून म्हणाल्या, "ह्याची शिट्टी कुठाय?"

"शिट्टी नसते."

"मग शिजलं ते कसं कळायचं?"

"तेच सांगतं."

"यंत्र सांगनार आन आपन ऐकायचं," मथुराबाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

हिराबाईंनी मुद्दाम घाईनं शिकवलं. आधी 'सॉटे', मग 'कॅन्सल', मग 'मॅन्युअल', अशी बटणांची इंग्रजी नावं धडाधड फेकली. बाईला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मथुराबाईंनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि बटणांवर टिकल्या चिकटवल्या. लाल भाताला, हिरवी डाळीला, काळी बंद करायला. दुसऱ्या दिवशी एकही चूक नाही. हिराबाईंच्या अंगाची लाही झाली.

एक गोष्ट मात्र मथुराबाईंनी केली नाही. काही चाखलं नाही. "निवद दाखवल्याबिगर आमच्यात चाखत न्हाईत," म्हणायच्या. जेवायचा आग्रह केला की उपास. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, मधे एक चतुर्थी. डबा भरून दिला तर गाडीत सांडतो. चहासुद्धा नाही, पित्त होतं. हिराबाई खुळ्या नव्हत्या. असले उपास त्यांच्या सासूनं पाहिले होते, आईनं पाहिले होते. हिराबाई एकट्याच जेवायला बसायच्या, आणि विहिणीच्या हातची आमटी अशी झालेली असायची की दुसऱ्यांदा वाढून घ्यावी लागायची. तो घास नरड्याखाली ढकलताना त्यांना रडू यायचं.

शेवटच्या दिवशी बाळाची खिचडी. तिकडच्या डॉक्टरनं बजावलं होतं, वर्षाचं होईपर्यंत मीठ नाही. हिराबाईंनी हे पहिल्याच दिवशी एकदा सांगितलं होतं, पुन्हा काही सांगितलं नाही. मथुराबाईंनी मूगडाळ-तांदूळ धुतले, तूप सोडलं, हळद टाकली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हात बरणीत गेला. चांगलं चमचाभर मीठ.

हिराबाई शेजारीच उभ्या होत्या. "अहो, मीठ नाही," एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणाल्या. झाकण बसलं, हिरवी टिकली दाबली गेली आणि हिराबाईंच्या जिवाला गार वाटलं.

खिचडी झाली, व्हिडिओ लागला. ऋतुजाच्या मांडीवर बाळ होतं.

"आई, मस्त दिसतेय गं. जरा चाखून सांग ना, नीट मऊ झालीय का?"

मथुराबाईंनी चमचा हलवला. "लोन्यावानी झालीया बघ."

"अगं, तोंडात घालून सांग."

"निवद व्हायचाय अजून."

"बाळाच्या खिचडीचा कसला नैवेद्य?" हिराबाई म्हणाल्या. त्यांनी चमचा घेतला, खाल्लं आणि स्क्रीनकडं वळल्या. "खारट आहे. चमचाभर मीठ घातलंय. माझ्या डोळ्यांदेखत घातलं."

मथुराबाईंचा चेहरा पडला. आता लेक काय बोलतो याची हिराबाई वाट बघत राहिल्या.

"तू बघितलंस?" अनिरुद्धनं विचारलं.

"मग? इथंच तर उभी होते."

"बघितलंस आणि बोलली नाहीस?"

हिराबाईंनी चमचा खाली ठेवला. "त्यांना चाखायला काय झालं होतं? विचार की. माझ्या घरचं तोंडात घालत नाहीत त्या. तू ज्या घरात वाढलास, त्या घरचं."

मथुराबाईंनी पदर सारखा केला. ऋतुजा बाळाचं टोपडं नीट करत बसली.

"माहितीये मला," अनिरुद्ध म्हणाला. "लग्नाच्या आधीपासून माहितीये. आमच्या घरी येऊन त्या काय खातील, काय नाही, ते मी बघून घेईन. पण त्यांना मीठ नको अशी आठवण केली तर त्या घालणार नाहीत. तू बघत उभी राहशील. बाळाच्या ताटात जातंय हे दिसत असताना."

"ते बाळाला थोडंच द्यायचं होतं? इथंच तर होतं."

"काकूंचं तिकीट काढतो," तो म्हणाला. मग जरा हसला, लहानपणी बापासारखा हसायचा तसा. "तू ये की नंतर. तो वर्षाचा झाला की ये. मग मीठ चालतं."

ऋतुजा खुदकन हसली. मथुराबाईही पदराआड हसल्या. हिराबाईंनाही हसावं लागलं. पोरगं खोटं बोललं असतं तर त्याला चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. स्क्रीन बंद झाली.

मथुराबाई बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि त्यांनी पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाल्या, "ताई, ते बाळाचं वाफवायचं यंत्र शिकायचं ऱ्हायलंय. उद्या कवा येऊ?"

"दहाला या," हिराबाई म्हणाल्या.