तो तुम्हाला ओळखत नाही

घड्याळजी इतका उंच होता की आपल्या दुकानात तो सहसा उभाच राहत नसे. उभा राहिला की डोकं माळ्याला आपटायचं आणि दुरुस्तीला आलेली भिंतीवरची घड्याळं एकदम शहारायची. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळांची चाकं चिमट्याने बसवायची आणि संध्याकाळी गावच्या संघाकडून बास्केटबॉल खेळायचा, असा त्याचा नेम. दोन्ही कामांत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. अख्ख्या स्पर्धेत सगळ्यात जास्त गुण त्याच्या नावावर, आणि तरी गावाची वेस ओलांडली की त्याला कुत्रंही विचारत नव्हतं.

याला कारण गाव. म्हणजे गावाचा आकार. मोठ्या शहराच्या संघात एक राखीव खेळाडू होता. तो बाकावर बसायचा, कोरडा टॉवेल खांद्यावर घ्यायचा आणि सामना संपला की उठायचा. पण त्याचा चेहरा बिस्किटाच्या पुड्यावर छापून येई, कारण नुसत्या त्याच्या गल्लीत या गावापेक्षा जास्त माणसं बिस्किटं खात. या गावाने क्रीडागृह मात्र शहराच्या तोडीचं बांधलं होतं. ते कधी भरणार नाही हे नगरपालिकेला पाया खणतानाच कळून चुकलं, म्हणून तिने खुर्च्या लाल, निळ्या, पिवळ्या अशा कशाही मिसळून बसवल्या. लांबून बघणाऱ्याला माणसं बसल्यासारखी वाटावीत. जल्लोषाची सोय कर्ण्यावर केली होती. छताखालच्या कर्ण्यातून हजारोंच्या टाळ्या आणि आरोळ्या वाजत, आणि खाली आलेले मूठभर लोक, आपला आवाज उगीच कशाला वाया घालवा, म्हणून गप्प बसत.

घड्याळजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. क्रीडागृह आपल्यासाठी गच्च भरतं, असं तो धरून चालला होता. कारण त्याला लांबचं दिसतच नव्हतं. हाताच्या पलीकडचं सगळं जग त्याला ओल्या कागदावर फुटलेल्या शाईसारखं दिसे, आणि जन्मापासून तसंच दिसत असल्यामुळे लांबचं असंच असतं, अशी त्याची समजूत होती. रिंग म्हणजे एक नारिंगी डाग. डाग आहे तिथे चेंडू टाकायचा. आपल्या रंगाचा बनियन दिसला की त्याच्याकडे द्यायचा. दुकानातलं काम तर सगळं नाकाजवळचं, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं. बायको त्याला वेंधळा म्हणे आणि आपल्या कामाला लागे.

आता गंमत बघा. हा माणूस मनाने लोण्याचा गोळा. कोणी नवऱ्याच्या आठवणीचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलं, तर गिऱ्हाइकाआधी याच्याच डोळ्यांत पाणी यायचं. पण रस्त्याने निघाला आणि समोरून अख्खं गाव आलं, तरी चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. कोणी हात केला तर हा आपला सरळ पुढे. गावाने आधी नावं ठेवली, नाकं मुरडली, आणि मग हळूहळू त्यांना त्याचाच अभिमान वाटायला लागला. पाववाला तर गिऱ्हाइकाला पावाबरोबर तेवढं ऐकवल्याशिवाय सोडत नसे. "काय रुबाब आहे बघा. घराला घर लागून आहे, पण आजवर ओळख दिली नाही पठ्ठ्याने. मोठा माणूस म्हणजे असा."

एकाच माणसाला या रुबाबाचं कौतुक नव्हतं. तो त्याचा थोरला भाऊ, दादा. वडिलांच्या एका दुकानात प्लायवूडची भिंत घालून दोघांनी दोन दुकानं केली होती. अलीकडे घड्याळं, पलीकडे दादाची कुलपं. पूर्वी भिंतीतून दिवसभर गप्पा चालत. मग एका अंतिम सामन्याला दादा मुद्दाम नवा लाल शर्ट घालून गेला, सगळ्यात वरच्या रांगेत उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात हलवून भावाला हाक मारली. घड्याळजीने थेट त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. चारचौघांत. त्या दिवसापासून दादाने बोलणं टाकलं, आणि का टाकलं तेही सांगितलं नाही. ज्याने केलं त्याला कळत नसेल तर आपण कशाला तोंड उघडा, असं त्याचं म्हणणं. वडील ज्या उशीवर बसून धंदा करत, ती उशीही त्याच सुमारास दुकानातून नाहीशी झाली. काही लागलंच तर दादा गिऱ्हाइकाकरवी निरोप धाडी, "शेजारच्याला सांगा, हातोडी परत करा." घड्याळजी जेवताना बायकोला विचारी, "मी दादाचं काय वाईट केलं गं?" तिलाही माहीत नव्हतं. त्याला जेवण गोड लागत नसे.

अशात मोठ्या शहराच्या संघाकडून एक गृहस्थ आले. कोणत्या खेळाडूचा तारा होऊ शकतो हे पारखणं, हा त्यांचा धंदा. दोन सामने बघून ते दुकानात स्टुलावर येऊन बसले.

"गुणांचं मला सांगू नका," ते म्हणाले. "गुण कोणीही करतो. आमच्याकडे माणसंच इतकी आहेत की बाकावरचा ठोकळासुद्धा खपतो. तुमच्यासारख्या लहान जागेतून वर यायचं तर स्वभाव लागतो. तो तुमच्याकडे आहे. इतका तुसडा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही."

"कोण, मी?" घड्याळजी म्हणाला.

"बघा, माझ्याकडेसुद्धा कसं बघताय. मी इथे आहे की नाही, काही फरक नाही तुम्हाला."

त्यांनी पिशवीतून पोस्टर काढून उलगडलं. त्यावर घड्याळजीचा शून्यात बघणारा चेहरा होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: तो तुम्हाला ओळखत नाही. जाहिरातीसाठी एक फ्रिजची कंपनीही तयार होती. इतका थंड चेहरा त्यांना दुसरीकडे मिळाला नव्हता. शेवटच्या सामन्याला कंपनीची माणसं येणार आणि सामना संपला की तिथेच करारावर सह्या होणार. "तोवर कोणालाही ओळख द्यायची नाही," गृहस्थांनी बजावलं. "आणि जमलं तर पंचाशी थोडं भांडा. पण थंडपणे." घड्याळजीला मोठ्या शहरात खेळायचं होतं. कोणाला नसतं? तो हो म्हणाला.

गावात पंच एकच, आणि तो दिवसा चष्म्याचं दुकान चालवत असे. पुढच्या सामन्यात घड्याळजी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य अगदी अदबीने म्हणाला, "तुम्हाला नीट दिसत नाही वाटतं." दुसरा पंच असता तर त्याने शिट्टी वाजवून विषय संपवला असता. चष्मेवाल्याने शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली.

"मला? माझ्या धंद्यावर येतोस? उद्या दुकानात ये. कोणाला दिसत नाही ते बघूच."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला स्वतःच्या दुकानाच्या दारात उभा राहिला आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याने खाली बारीक छापलेल्या छापखान्याच्या पत्त्यासकट घडाघडा वाचून दाखवला. "हं. आता तू."

"वाचतो की," घड्याळजी म्हणाला. "पण तक्ता कुठाय?"

चष्मेवाल्याने कपाळाला हात लावला. त्याला खुर्चीत बसवून तो एकामागून एक काचा लावत गेला. एका काचेला घड्याळजी एकदम ताठ बसला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "अहो, झाडाला पानं अशी सुटी सुटी असतात?"

आता चष्मेवालाच खाली बसला. "म्हणजे त्या दिवशी तुला दादा दिसलाच नव्हता?"

"कुठल्या दिवशी?"

मग चष्मेवाल्याने त्याला लाल शर्टाची सगळी हकिगत सांगितली. अख्ख्या गावाला ती पाठ होती. ज्याची होती त्यालाच कोणी सांगितली नव्हती, कारण इतक्या रुबाबदार माणसाला असलं काही सांगायचं कसं?

चष्मा हातात पडला तसा घड्याळजी धावत दादाच्या दुकानात शिरला. "दादा, मला दिसत नव्हतं रे. आईशप्पथ दिसत नव्हतं." दादाने मान वर केली नाही. किल्ली करायला आलेल्या बाईंना तो म्हणाला, "शेजारच्याला सांगा, एवढा लाल शर्ट आंधळ्यालाही दिसतो." आणि त्याने भावाला बाहेर काढून शटर ओढून घेतलं. त्या बाई आतच राहिल्या.

इकडे गावात भलताच घोळ झाला. घड्याळजीला आता माणसं दिसायला लागली होती, आणि दिसलं की त्याला राहवत नसे. तो पाववाल्याकडे बघून हसला, त्याने पोस्टमनची चौकशी केली, रस्त्यापलीकडच्या म्हातारीला हात केला. लोक धास्तावले. पाववाला घरी येऊन घड्याळजीच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, काल यांनी मला नमस्कार केला. आमचं काही चुकलं का?"

हातातोंडाशी आलेला करार जातो की काय, म्हणून बायकोने त्याला शिकवायला घेतलं. "मी समोरून येते. तू ओळखायचं नाहीस." पहिल्या खेपेला त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत कसंबसं निभावलं. दुसऱ्या खेपेला तो खुदकन हसला.

"आता काय झालं?"

"तुझ्या गालावरचा तीळ. लांबूनसुद्धा दिसतो."

तिला रागवायचं होतं, पण ती तशीच माघारी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गृहस्थांना चष्म्याची बातमी कळली तेव्हा ते उलट खूश झाले. म्हणाले, आणखी तुसडे दिसाल.

शेवटच्या सामन्याला घड्याळजी चष्मा रबराने डोक्याला बांधून मैदानात आला आणि जागीच थांबला. कर्णा गर्जत होता आणि समोर खुर्च्या होत्या. नुसत्या खुर्च्या. पहिल्या रांगेत गृहस्थ, फ्रिजवाले आणि त्यांनी आणलेला एक फ्रिज. बाजूला बायको. पलीकडे पाववाला आणि आणखी काही ओळखीचे चेहरे, जे त्याने या अंतरावरून कधी पाहिलेच नव्हते. इतकी वर्षं आपण खुर्च्यांसाठी खेळलो, हे कळून त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. तरी तो खेळला. रिंग आता इतकी स्पष्ट दिसत होती की चेंडू तिच्यात जाईना, पण चेहरा मात्र त्याने दगडासारखा ठेवला. बायको दुरून मान हलवून शाबासकी देत होती. गृहस्थांनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

सामना संपत आला तेव्हा त्याची नजर वर गेली. कर्ण्याच्या बरोबर खाली, शेवटच्या रांगेत एका लाल खुर्चीला मिशी होती.

त्याने नीट पाहिलं. शर्ट धुऊन धुऊन विटला होता. दादाच्या मागून कापूस डोकावणारा एक कोपरा दिसत होता, आणि तो वडिलांच्या उशीचा होता. उशी खुर्चीला साखळीने जखडली होती आणि साखळीला दादाच्याच दुकानातलं कुलूप होतं. म्हणजे हा माणूस रोज येत होता. बोलत नव्हता, पण एकही सामना त्याने चुकवला नव्हता, आणि आपली जागा कोणी घेऊ नये म्हणून त्या ओसाड क्रीडागृहात उशीला कुलूप लावून जात होता.

चेंडू घड्याळजीच्या हातात होता. बायकोने जोरजोरात मान हलवून नाही नाही केलं. त्याने चेंडू खाली ठेवला. समोरच्या संघाने तो उचलून, इकडेतिकडे बघत, शांतपणे बास्केट केला. घड्याळजीने दोन्ही हात वर केले, होते तेवढे लांबच लांब, आणि दादाने एकदा हलवले होते तसेच हलवले. हसला. सगळ्यांना दिसेल असा हसला. गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं. फ्रिजवाल्यांनी फ्रिजचं तोंड दाराकडे फिरवलं.

दादाने मागे वळून पाहिलं, हा कोणाला हात करतोय म्हणून. मागे भिंत होती. त्याने पुन्हा पुढे पाहिलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. आवाज कर्ण्यात बुडाला, पण घड्याळजीला त्याचे ओठ स्वच्छ दिसले.

"कोण, मी?"