काशिनाथअप्पांची अर्ध्या दिवसाची रजा

दीड महिन्यापूर्वी काशिनाथअप्पांच्या मुलीचा, शांताचा फोन आला. "काका, अप्पा गेले. दुपारी जेवून अंगणात बाजेवर पडले, ते उठलेच न्हाईत." फोन ठेवला आणि रडू येण्याआधी मला हसूच आलं… अर्ज न देता या माणसाने पहिल्यांदाच रजा घेतली होती.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी तिथे टंचाई शाखेत अव्वल कारकून होतो आणि काशिनाथअप्पा आमच्या जीपचे ड्रायव्हर. कचेरी भाड्याच्या खोल्यांत, खुर्च्या अपुऱ्या. उस्मानाबादहून आलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांवरच बसायचो. त्यात दुष्काळ. रोज टँकर, रोज आटलेल्या विहिरी, आणि सगळ्यांच्या रजा बंद. अशात अप्पांनी अर्ज आणून ठेवला. उद्या अर्धा दिवस रजा, कारण : मुलीच्या शाळेत जाणे. मी म्हणालो, असलं कारण चालत नाही, ताप आलाय असं लिहा, साहेबांची सही आणून देतो. अप्पा जागचे हलले नाहीत.

"ताप न्हाई आला मला. पोरीच्या शाळेसाठी खोटं लिहिलं तर शाळेत काय शिकल ती?"

मला रागच आला. अर्ज परत केला. ते बाहेर गेले आणि कोरड्या फडक्याने जीप पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मुरुडकडे रोजगार हमीच्या रस्त्याची पाहणी होती. वाटेत अप्पांनी हळूहळू सगळं सांगितलं. त्यांच्या खेड्यातली शाळा चौथीपर्यंतच. मुलींसाठी पाचवीचा वर्ग मिळत होता, पण हेडमास्तरांची अट होती, दहा बापांनी स्वतः येऊन सही करायची. आदल्या वर्षी नुसती नावं लिहून घेतली, तर जूनमध्ये एकही मुलगी आली नव्हती. आज दुपारी ती सभा. बाकीचे बाप याच रस्त्यावर खडी फोडत होते आणि काम सोडलं की हजेरी जाणार होती.

"मी एकटा जाऊन वर्ग उघडत न्हाई, साहेब. धा बाप लागतेत."

माझा मुलगा तेव्हा नांदेडला तिसरीत होता. त्याच्या बाईंचं नाव मला ठाऊक नव्हतं…

कामावर पोचल्यावर मी मुकादमाला लिहून दिलं, या माणसांना तासाभराची सुट्टी, हजेरी पूर्ण धरावी. अप्पांनी जीपच्या दोन खेपा केल्या. अंगभर पांढरी धूळ घेऊन बारा बाप शाळेच्या भिंतीला टेकून उभे राहिले, आत कुणी जाईना. शेवटी अप्पा आत जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसले, मग एकेक जण आला. एका मिशाळ गड्याला सही येत नव्हती. त्याच्या लेकीने त्याचा हात धरून नाव गिरवून घेतलं आणि शेवटची वेलांटी चुकली म्हणून पुन्हा लिहायला लावलं. सगळा वर्ग हसला, तोही हसला. अप्पांची धरून तेरा सह्या झाल्या.

संध्याकाळी मी अप्पांचा तोच अर्ज मागून घेतला आणि शिफारस करून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी कारण वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. पुढच्या महिन्यात त्याच कारणाचे आणखी तीन अर्ज आले. त्यातला एक माझा होता.

शांता त्या पाचवीत बसली. आता ती नायगावकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. गेल्या आठवड्यात तिने मला पालकसभेला नेलं. सगळे जमले होते, पण सभा सुरू होईना. वीटभट्टीवरच्या एका बापाला मालकाने सोडलं नव्हतं. शांताने मालकाला फोन लावला, शांतपणे बोलली आणि आम्ही सगळे थांबलो. अर्ध्या तासाने तो माणूस आला, दारात चपला काढल्या, कुठे बसू म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. पहिल्या रांगेतली त्याची मुलगी सरकली आणि तिने आपल्या शेजारी जागा केली.

मग शांता म्हणाली, "चला, आता सुरू करू."