खोंडाच्या वाट्याचे दूध

गडमुडशिंगीतल्या आमच्या शेजारच्या बाई सर्वांशी भांडणाच्या सुरातच बोलतात. गायींनाही त्या आधी शिवी देतात आणि मगच वैरण घालतात. देवाच्या अभिषेकासाठी मी रोज त्यांच्याकडूनच दूध आणतो.

यंदा त्यांच्या जर्सी गायीला खोंड झाले. या जातीचे नर वासरू शेतीच्या कामाला फारसे उपयोगी नसते, म्हणून बहुतेक गोठ्यांत त्याची हेळसांड होते. याचेही पोट ढोलासारखे फुगले, केस राठ झाले आणि शेण पांढरट व दुर्गंधीयुक्त पडू लागले.

"जंतांनी पोखरलंय मेल्याला!" त्या गरजल्या. "घरातली म्हंत्यात, खोंडावर कशाला खर्च? मरंना तिकडं!"

असे बोलता बोलताच त्यांनी खोंडाचे तोंड मांडीवर घेतले आणि ठसका लागू नये म्हणून जंतांचे औषध अगदी सावकाश पाजले.

दुसऱ्या दिवशी मी तांब्या पुढे केला, तो त्यांनी तसाच परत दिला.

"गुरुजी, आज दूध न्हाय. समदं ह्याला सोडलंय. तुमचा देव दम धरंल की, ह्यो न्हाय धरायचा."

मागे खोंड कासेला क्षीण ढुशा देत होते. मी घरी येऊन दुधाऐवजी शुद्धोदकाचा, नुसत्या पाण्याचा, अभिषेक केला आणि संकल्पात त्या मुक्या जीवाचे आरोग्य मागितले.