पायऱ्यांना दीड तास

बुधवारी सकाळी साडेआठला मोबाईलवर इक्बालचं नाव दिसलं आणि मी तो मुद्दामच जरा वाजू दिला. रविवारपासून मी त्याच्यावर रुसून बसलो होतो. मंगळवारी संध्याकाळी त्याचे दोन फोन आले होते, तेही मी घेतले नव्हते. आता तिसऱ्यांदा करतोय म्हणजे शेठ चांगलेच वरमलेत, असं मनाशी म्हणत मी फोन उचलला आणि म्हणालो, "काय, झाली का आठवण?" पलीकडे नसीमवहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले... पहाटे." त्यापुढे त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिलो. रविवारच्या चढाईसाठी पुसून ठेवलेले बूट पायात चढवले आणि तळेगावहून कामशेतला गेलो. मयताला कोणी असले बूट घालून जातं का, हे तिथे दारात ते काढताना लक्षात आलं.

इक्बाल आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी तळेगावातच भूगोलाचा शिक्षक झालो आणि तो कामशेतला वडिलांच्या तांदळाच्या दुकानात बसला. मी आयुष्यभर मुलांना नकाशे शिकवले, पण डोंगरात शिरलो की मला दिशा कळत नाही. त्यानं आयुष्यात नकाशा उघडला नाही, आणि पवनेच्या दोन्ही अंगांचा एकेक गड त्याला आपल्या दुकानाच्या माळ्यासारखा माहीत होता. दर हिवाळ्यात एका रविवारी आम्ही अकरा जण त्याच्यामागून डोंगरात जायचो. सकाळी निघायचं, दिवेलागणीला घरी. पण हा एक दिवस ठरवायला आम्हाला महिना लागायचा. दुकानात पोत्यांवर बसून वाद चालायचे. पोळ्या कोणी आणायच्या, ठेचा किती न्यायचा, गेल्या वर्षी पाणी कुणाचं संपलं होतं... इक्बाल गिऱ्हाईक सांभाळत सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी त्याला हवं तेच करायचा.

त्याचा बेत बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरायचा, पोत्यांवर नावं घालायच्या निळ्या मार्करनं. त्याचा एकच नियम होता. आधीच्या रविवारी तो एकटा पाहणीला जायचा, सगळी वाट चालून यायचा, आणि स्वतःच्या पायांना जेवढा वेळ लागला तेवढाच पुठ्ठ्यावर लिहायचा. एका वर्षी तुंग गडावर जायच्या आधी त्याला ताप आला, म्हणून पाहणी राहिली. मी अंतराला वेगानं भागून वेळा काढून दिल्या. त्या दिवशी दुपारचं जेवण आम्हाला चार वाजता मिळालं. "मास्तर, डोंगराला गणित शिकवू नकोस," एवढंच तो म्हणाला, पण ते पुढची पाच वर्षं म्हणत राहिला.

यंदा लोहगड ठरला होता. पाहणीच्या रविवारी संध्याकाळी त्यानं पुठ्ठ्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मळवली स्टेशन, भाजे, खिंड, सगळं नेहमीसारखं. पण लोहगडवाडी ते महादरवाजा या पायऱ्यांपुढे लिहिलं होतं, दीड तास. आम्ही म्हातारे झालो तरी त्या पायऱ्यांना पाऊण तासाच्या वर कधी लागला नव्हता. मी ग्रुपवर लिहिलं, "शेठ, पायऱ्या वाढवल्यात की काय?" त्याचं उत्तर आलं, "मास्तरांच्या गुडघ्याची सोय केली आहे." लगेच दहा जणांची हसरी तोंडं खाली उमटली. माझा गुडघा दिवाळीपासून कुरकुरत होता, हे मी फक्त त्याला सांगितलं होतं. ते त्यानं असं चारचौघांत मांडावं याचा मला भयंकर राग आला. साठी उलटलेल्या माणसानं इतकं रुसावं का? पण रुसलो खरा.

तो गेल्यावर सहल अर्थातच राहिली. ग्रुपवर कोणी म्हणे या वर्षी जायचंच नाही, कोणी म्हणे त्याच्यासाठी तरी जायला हवं. एकानं तारीख सुचवली की दुसरा दुसरीच सुचवायचा. मला दोघांचंही पटत होतं. त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी दुकानात गेलो तेव्हा वहिनींनी गल्ल्यामागून तो पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा. यातलं एक अक्षर बदललेलं त्यांना चालायचं नाही." मंगळवारी त्यानं मला फोन का केले होते, हे मी त्यांना विचारलं. "मला काही बोलले नाहीत हो. खाटेवर पडून होते. म्हणाले, मास्तर रागावलाय," त्या म्हणाल्या. मी पुठ्ठा पिशवीत घालून खाली मान घालून निघालो.

जानेवारीच्या शेवटी आम्ही अकरा जण निघालो. लोहगडवाडीत एका मावशींची टपरी आहे. खाली उतरल्यावर पिठलं-भाकरी हवी म्हणून वर चढतानाच सांगून ठेवायचं, ही इक्बालची रीत. तो गेल्याचं मावशींना माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"अवं, मागल्या महिन्यात तर हितं आलतं भाऊ. एकलेच. लय दमलं व्हतं. त्या पायऱ्यांवर तीन येळा बसल्यालं मी हितनं बघितलं. खाली आल्यावर छातीवर हात धरून घाम पुसत व्हतं. मी म्हनलं, भाऊ, आज न्हाई तर उद्या डाक्टरला दावा. तर म्हनले, व्हय मावशी, एवढा रविवार हुंद्या. आन् घड्याळ बघून तळहातावर कायतरी लिवलं."

मी पिशवीतला पुठ्ठा काढून पाहिला. दीड तास. त्याचा नियम मला पन्नास वर्षांच्या मैत्रीत पाठ झालेला. स्वतः चालल्याशिवाय तो आकडा लिहीत नाही, हे त्या ग्रुपवर सगळ्यांत आधी मला कळायला हवं होतं. तो दीड तास त्याचा होता. माझ्या गुडघ्याआड बसत-उठत, कुणाच्या लक्षात न येता, त्यालाही आमच्याबरोबर वर पोचायचं होतं. आणि मी आपला मान-अपमान घेऊन बसलो होतो. मंगळवारी तो मला मनवणार होता, की छातीचं सांगणार होता? कधी वाटतं, नुसतं मनवायलाच असेल. कधी वाटतं, मी पहिला फोन घेतला असता तर त्याच संध्याकाळी त्याला दवाखान्यात नेलं असतं. मग वाटतं, त्यानं मला का नाही सांगितलं? माझा गुडघा मी त्याला सांगितला होता की! मला त्याचा राग येतो, आणि राग आल्याची लाज वाटते. हे त्याच्या आठवणीत लिहितोय की त्याच्याशी भांडतोय, ते माझं मलाच कळेनासं झालंय.

पुठ्ठ्याप्रमाणे आम्ही दहाला पायऱ्या चढायला घेतल्या आणि माझ्या गुडघ्यासकट पावणेअकराला महादरवाजात पोचलो. थोडा दम खाऊन सगळे उठायला लागले. मी म्हणालो, "थांबा, अजून अर्धा तास आहे." सगळे पुन्हा खाली बसले. वारा गार होता, तरी कोणी पोळ्यांचा डबा उघडला नाही. साडेअकरा वाजले तेव्हा मी वाकून एकदा पायऱ्यांकडे पाहिलं, आणि मग आम्ही आत गेलो.

पुठ्ठा आता माझ्या टेबलावर असतो. पुढच्या वर्षीची पाहणी सगळ्यांनी माझ्यावर टाकली आहे. नियमाप्रमाणे त्या पायऱ्यांपुढे आता पाऊण तास लिहायला हवं, कारण चाललो मी आहे. दोन-तीनदा निळ्या मार्करचं टोपण काढून बसलो... आणि परत लावून टाकलं.