दिवसाचा माणूस

नातीचा सिनेमा टीव्हीवर चालू असतो. त्यातला हिरो इमारतींवरून उड्या मारतो, हातानं आगगाडी थांबवतो, आणि दिवसा कुठल्यातरी कचेरीत चष्मा लावून खाली मान घालून बसतो. तेवढ्या भागात मी उठून चहा ठेवायला जाते. नात विचारते, आजी, काय झालं? काय व्हायचंय. मला ते बघवत नाही. तो नट गरीब माणसाचं काम करत नाही, गरीब माणसाची टिंगल करतो. धडपडतो काय, हातातले कागद सांडतो काय, बोबडी वळवून घेतो काय. आणि मधूनच आपल्याकडे असा बघतो, की कसं बनवलं सगळ्यांना! अरे बाबा, असा वागलास तर शेंबडं पोरही ओळखेल तुला.

मत माझं नाही, माझ्या दादाचं आहे. मी त्याच्याशी त्यावरून कडाकडा भांडलेली आहे. मला ते पुढं पटलं, आणि ज्या रीतीनं पटलं तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

साठ सालाच्या आगेमागे आमच्या अमरावतीच्या टॉकीजला तोंडाला काळं फडकं बांधलेल्या घोडेस्वाराचे मारधाडीचे पिच्चर यायचे. रात्री तो जमीनदाराच्या गुंडांना चाबकानं फोडून काढायचा आणि दिवसा गावातला भित्रा मास्तर असायचा, कुत्रं भुंकलं तरी बाकावर चढणारा. पब्लिक हसून हसून लोळायचं. मीही. दादा तेवढा हसायचा नाही. टॉकीजमधून बाहेर पडलो की घर येईपर्यंत त्याची टकळी चालायची.

“हा भेकड नाही, भेकडाची नक्कल करून रायला,” तो म्हणायचा. “ज्याले खरंच लपवाचं हाय ना, तो काहीच नाही करत. जेवते, कामाले जाते, भाजीत मीठ कमी हाय म्हनते.”

“मंग आमी पाहाचं काय? मीठ?”

“तेच त पाहाचं. त्याच्या पोटात काय हाय ते आपल्याले ठाऊक असलं ना, त तो मीठ मांगतानीही आपल्याले रडू येते.”

“रडाले कोन जाते गा टॉकीजात,” मी म्हणायचे. घरी पोचलो तरी आमचं संपायचं नाही. बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसलेले असायचे. आमचं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “जेवा आता, निवून रायलं.”

बाबा जकात नाक्यावर कारकून होते. गाडीवाले त्यांच्यावर डाफरायचे, साहेब डाफरायचा, आणि बाबा सगळ्यांना “बरं” म्हणायचे. तोंडावरची माशी हलायची नाही. आई म्हणायची, ह्या मान्साले देवानं राग वाटतानी रांगेत उभंच नाही केलं. पण देवाचं त्यांचं फार होतं. आंघोळ, पूजा, मग चहा, ह्यात कधी बदल नाही. सोवळं नाही मिरवायचे, पण सुतक-विटाळ असला की देवघराकडे पाऊलही टाकायचे नाहीत.

मी लग्न होऊन धामणगावला गेले. दादाला अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी लागली, जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पलीकडे खोली घेऊन राहिला. माझं पहिलं पोटातलं सातव्या महिन्यात गेलं. धामणगावला आमच्या घरामागं कापसाच्या गंजीला आग लागली होती, त्या धसक्यानं. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा लेडी डॉक्टरनं बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, हिला कसलाही धक्का लागता कामा नये, ह्यावेळी मूल गेलं तर हीही हाती लागायची नाही. म्हणून मला सहाव्यातच माहेरी आणून ठेवलं. श्रावण चालू होता.

तशात अकोल्याहून निरोप आला की दादाला ताप आहे. आई त्याच्याजवळ गेली. मी आणि बाबा घरी. आणि मग दादा गेला. ताप मेंदूत गेला, काही करता आलं नाही. हे मला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, आमच्या घरात लपवाछपवी एकदा झाली तेवढी पुरे.

बाबांना निरोप नाक्यावर मिळाला. दुपारी घरी आले, म्हणाले, हापिसच्या कामानं अकोल्याले जाऊन येतो, दादालेही पाहून येतो. शेजारच्या काकूंना माझ्या सोबतीला बसवलं आणि बडनेऱ्याला गाडी गाठली. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना परत आले. हातात पिशवी, पिशवीत बरबटीच्या शेंगा. पाय धुतले, आणि परातीत शेंगा मोडत बसले.

“दादाले कांजन्या निघाल्या,” म्हणाले. “तुही माय रायते तिथंच. तुले मात्र जाता येत नाही अशात.”

“लय निघाल्या काय?”

“निघाल्या थोड्या. तू काहून उभी? बस खाली.”

भाजी मी केली. बाबा पानावर बसले, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, “मीठ कमी पडलं, माय.” मी मिठाचा वाडगा पुढं सरकवला. त्यांनी चिमूटभर घेतलं, कालवलं, पान पुसून खाल्लं. आदल्या दिवशी त्या माणसानं आपल्या एकुलत्या एका पोराला अग्नी दिला होता.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ज्यानं कोणी ही म्हण काढली त्याच्यावर पोरगं जाळून आल्यावर शेंगा मोडायची पाळी आली नसावी. दादाचं ते मिठाचं बोलणं बाबांना आठवलं होतं, की सहजच मीठ कमी पडलं होतं, मी कधी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आंघोळ केली आणि पूजेला बसले. सुतकात. घरात माणूस गेलं की दहा दिवस देवाला हात लावत नाहीत, गोडधोड करत नाहीत, त्या घरचं कोणी पाणी पीत नाही. पण बाबांची पूजा चुकली असती तर मी पहिला प्रश्न तोच विचारला असता. म्हणून ते रोज बसले. घंटी वाजवली, गंध उगाळलं, फुलं वाहिली, आणि माझ्या हातावर प्रसादाचा खडीसाखरेचा खडा ठेवला. मी तो काकूंनाही द्यायचे. काकू तोंडात टाकायच्या नाहीत, पदराच्या टोकाला बांधायच्या. चारदा पाहिलं आणि माझं डोकं सणकलं.

“काहून, आमच्या घरचा देव तुमाले चालत नाही काय?” मी विचारलं.

काकूंचे डोळे भरून आले. मला वाटलं, ह्या बाईची नाटकं. बाबा आतून म्हणाले, “उपास असन व तिचा. तू जीवाले लावून घेऊ नोको.”

काकूच कशाला, साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पिच्चरमध्ये त्या मास्तराचं गुपित त्याला एकट्याला ठाऊक असतं आणि गाव आंधळं असतं. आमच्याकडे गाव सगळं जाणत होतं, आंधळी मी एकटी. मी दारात आले की नळावरच्या बायका एकदम पापडांबद्दल बोलायला लागायच्या. आयाबाया येऊन तोंडावरून हात फिरवून जायच्या. कधी नव्हे ते सगळे माझ्याशी गोड वागत होते आणि मी चिडून चिडून जात होते. एकटे बाबा मला रागवायचे. घागर काहून उचलली, अनवाणी काहून फिरून रायली. त्यांच्या रागवण्यानं मला बरं वाटायचं, वाटायचं घरात सगळं ठीक आहे.

पोळा आला. मी हट्ट धरला, पुरणपोळी पाहिजे. पोटुशीचे डोहाळे, त्याला नाही कोण म्हणणार? बाबांनी डाळ शिजवली. मी पाटावर बसून सांगत होते आणि ते पाट्यावर पुरण वाटत होते. सुतक सरलं नव्हतं. नैवेद्य दाखवला, मग माझ्यासमोर बसून एक अख्खी पोळी तुपाशी खाल्ली. “बरी झाली व,” म्हणाले. मी म्हटलं, दादाले ठेवा एखादी, त्याले लय आवडते. बाबा म्हणाले, “त्याले पथ्य हाय. अंगातली गर्मी गेली का मंग पाहू.”

मी रोज विचारायचे, आता कसा आहे दादा? बाबा सांगायचे, आज ताप उतरला. आज खपल्या धरल्या. आज उठून बसला, वरणभात खाल्ला. मेलेल्या पोराला ते रोज थोडं थोडं बरं करत होते. आणि पुरता बरा झाल्यावर येत का नाही, हेही त्यांना शोधावं लागलं. सुट्टी लय झाली ना, मालक आता सोडून नाही रायला, भाचा झाला का येतो म्हनते. हे सगळं पायात चपला घालता घालता, पाठमोरे, जसं उद्या रेशन आणायचं आहे असं सांगावं.

आमचे हे एका रविवारी धामणगावहून आले. त्यांना बाबांनी शिकवून ठेवलं असणार, पण शिकवून येतं होय? आल्यापासून हसत सुटले. पेढे काय, गजरा काय, माझ्या पायाखाली उशी काय. जन्मात कधी केलं नाही ते सगळं एका दुपारीत. मधूनच बाबांकडे बघायचे, जमतंय ना म्हणून. थेट तो कुत्र्याला भिऊन बाकावर चढणारा मास्तर. मला शंका आली की ह्यांची नोकरी गेली किंवा बाहेर कुठं सूत जमलं. मी बाबांना म्हटलं, ह्याहीचं काही खरं नाही दिसत. बाबा म्हणाले, “पोट बिघडलं त्याचं. पेढे त्यानंच जास्त खाल्ले.” आणि मी हसले, काय करू.

मुलगा झाला. सुखरूप. आईला माझ्यासमोर सोंग जमलं नसतं, म्हणून बाबांनी तिला तोवर अकोल्यालाच ठेवलं होतं. ती आली तेव्हा काडी झाली होती. दादाची सेवा करून वाळली असं मी धरून चालले. तिनं बाळाला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभी राहिली. मी म्हटलं, दादा काहून नाही आला? ती बाळाला ठेवून परसात गेली.

बारसं बाबांनी साधंच उरकलं. ते झाल्यावर एका सकाळी माझ्या बाजेजवळ येऊन बसले. बाळाचा लंगोट पायथ्याशी पडला होता, त्याची घडी केली. म्हणाले, “तुहा दादा श्रावनातच गेला, माय. कांजन्या नोयत्या. ताप होता.”

त्याच आवाजात. आज ताप उतरला, आज खपल्या धरल्या, तोच आवाज. मला हसू आलं. मी म्हटलं, काही काय बोलता बाबा. ते म्हणाले, “आतालोक काहीबाही बोललो. हे खरं हाय.” आणि तरी माझा विश्वास बसेना. त्यांचा चेहरा तसाच होता, पोळी बरी झाली म्हणतानाचा. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. तो कसला आवाज ते मी लिहिणार नाही. त्यानं मला कळलं.

दादाला एक गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा सांगायची राहून गेली. पिच्चरमध्ये काळं फडकं एका झटक्यात उतरतं आणि खाली खरा माणूस असतो. दिवसाचा माणूस तसा उतरत नाही. मी मोकळी झाले, आता बाबांनी रडायला हरकत नव्हती, पण त्यांना येईना. भेटायला माणसं यायची, बायका दारातूनच गळा काढायच्या, आणि बाबा विचारायचे, चहा घेता ना? उन्हाचे आले. लोक जाताना बोलायचे, पोरगं गेलं तरी ह्याच्या डोळ्याले पानी नाही, दगड हाय. आईनंही त्यांना सोडलं नाही. सुतकात देव शिवले, माह्या पोराच्या सुतकात पुरन वाटलं ह्या मान्सानं, असं ती येईल त्याला सांगायची. कितीतरी महिने ती त्यांच्याशी धड बोलली नाही. बाबा तिलाही “बरं” म्हणायचे. मी भांडायचे तिच्याशी. म्हणायचे, हा पोरगा माह्या मांडीवर हाय तो त्याहीच्याच पायी. तिला ते कळत नव्हतं असं नाही. पण तिला कोणावर तरी चिडायला पाहिजे होतं, आणि बाबांइतका सोयीचा माणूस दुसरा कोण.

रात्री ते झोपत नव्हते, जेवण अर्ध्यावर आलं होतं. मला भीती वाटायला लागली की ज्या माणसानं माझं पोर वाचवलं तो असाच आतल्या आत सरून जाणार.

वर्ष व्हायच्या आत बाळाचं जावळ काढायचं ठरलं. पहिले केस काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात. चुलतभाऊ आला होता, तो पाटावर बसायला निघाला. बाबा म्हणाले, “तू राहू दे. मी बसतो.” बाबा मामाच्या पाटावर बसले, बाळाला मांडीत घेतलं, न्हाव्यानं डोकं भिजवलं आणि वस्तरा लावला. बाळानं टाहो फोडला. आणि त्याच्या डोक्यावर मान वाकवून बाबा रडायला लागले. हुंदके देऊन, खांदे गदगदा हलवून, लेकरासारखे. बाळाच्या रडण्यात त्यांचा आवाज मिसळून गेला होता. जमलेल्या बायका म्हणाल्या, नातवाचं रडनं पाहवलं नाही बुढ्याले. आई उंबऱ्यात उभी होती. ती येऊन त्यांच्या मागं बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

न्हावी बिचारा घाबरला. वस्तरा उचलून म्हणाला, “लागलं नाही वो बाबा लेकराले, मी जपूनच करून रायलो.”

मी त्याच्याजवळ जाऊन वाकले. म्हटलं, थांबू नका, भाऊ. हळूहळू काढा, आमाले घाई नाही.