आईला आऊट करणारा गेम

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम केली आणि उरलेल्यांनी हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम. मी गेम केला. हे मी आजही मान ताठ करून सांगते. तेव्हा पनवेलच्या आमच्या कॉलेजात गेम म्हणजे लेक्चर बुडवून सायबर कॅफेत खेळायची गोष्ट होती, प्रोजेक्ट नव्हे. त्यात मी मुलगी. गाईड सर म्हणाले, "टवाळ पोरं काय, कुठलाही गेम खेळतील. ज्याने जन्मात गेम खेळला नाही असं माणूस माझ्यासमोर आणून बसव. ते रमलं तर प्रोजेक्ट मंजूर. नाहीतर गुमान लायब्ररी कर."

"आणते की," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाहीच. घरी येईपर्यंत लक्षात आलं, असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. आमच्या मातोश्री.

गेम साधा होता. ओहोटीची खाडी, चिखल आणि एक मुलगी. भरती यायच्या आत तिने चिखलातल्या उंचवट्यांवरून उड्या मारत पलीकडच्या होडीपर्यंत पोचायचं. मध्ये बिळांतून चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, निघायच्या, त्या चावल्या की आऊट. चिंबोऱ्यांची चित्रं मी उरण नाक्यावरून जिवंत चिंबोऱ्या आणून, परातीत मांडून काढली होती. त्यातली एक ओट्याखाली पळाली तेव्हा आईने माझा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

तर आईला कॉम्प्युटरपुढे बसवलं. पहिल्याच बिळापाशी आऊट. पुन्हा सुरुवातीपासून, पुन्हा तिथेच आऊट. "डोंबल तुझं!" म्हणून ती उठली. माझे धाबे दणाणले. मग मी शक्कल लढवली. तिला न सांगता असं करून ठेवलं की चिंबोरी चावली तरी ती आऊटच होणार नाही. दुसऱ्या दिवशी आई आरामात होडीपर्यंत पोचली. "छान आहे हो," म्हणाली आणि आमटीला फोडणी घालायला गेली. मी खूश! पण नंतर बस म्हटलं तर तिला चकल्या तळायच्या होत्या. मग कपाटं आवरायची होती. वर्षभर ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ती कपाटं!

शेवटी मी भडकले. "अगं आई, माझं प्रोजेक्ट बुडेल! एवढा सोपा करून दिलाय तुला."

"तेच तर!" ती माझ्यावर कडी करून ओरडली. "मला कच्चं लिंबू केलंस ना? चिंबोरी चावते आणि मला काही होत नाही. मी काय आंधळी आहे?"

कच्चं लिंबू म्हणजे खेळात घेतलेलं, पण कधीच आऊट न होणारं लहान पोर. गल्लीतल्या प्रत्येक खेळात एक असायचंच. आई घरातलं शेंडेफळ, त्यामुळे लहानपणी हा मान कायम तिचा. "मी सगळ्यांच्या समोरून धावायचे," ती सांगायला लागली, "पकडा ना मला, पकडा ना, असं ओरडायचे. कोणी पकडायचंच नाही. घरी येऊन रडायचे मी. आणि आता पोटची पोर तेच करते!"

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेडही पडला. आऊट व्हायची भीती काढून टाकली की खेळात उरतं काय? नुसतं बटण दाबणं. पण मग आधी ती वैतागून का उठली? तर माझ्या चिंबोऱ्या काही कळायच्या आत चावायच्या. त्याला खेळ म्हणत नाहीत, त्याला दादागिरी म्हणतात.

मी सगळं नव्याने केलं. आता चिंबोरी आधी बिळाबाहेर नांग्या काढायची आणि मग चावायची. बघणाऱ्याला दिसावं, न बघणाऱ्याची खैर नाही. चावली की पुन्हा सुरुवातीपासून नाही, फक्त मागच्या उंचवट्यावर जायचं. पण भरती तोवर थांबत नाही, पाणी चढतंच. आऊट झालेल्या माणसाने कपाळावर हात मारून "अरेरे, दिसत होतं मला!" म्हणावं, गेमला शिव्या घालू नयेत. बस्स. पुढे मी याच धंद्यात पडले, मोठमोठ्या लोकांना यावर तासन् तास बोलताना ऐकलं, पण मला तरी याहून मोठं गमक सापडलेलं नाही. आणि ते मी आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, आईच्या शिव्या खाऊन मिळवलंय!

नवा गेम मी आईला मुद्दाम आधी दाखवला नाही. ती ठेवणीतली साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये बसली. आऊट झाली. परत आऊट झाली. सर गालात हसले. "अवघड आहे ना ताई? राहू द्या."

"थांबा हो सर, मध्ये बोलू नका," आई म्हणाली. "आत्ता माझीच चूक झाली."

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. हळूहळू अख्खा वर्ग तिच्या मागे गोळा झाला. "काकू, उजवीकडे! काकू, उडी!" आईने पर्स माझ्याकडे फेकली आणि पदर खोचला. "गप्प बसा रे, दिसतंय मला." ती उंचवट्यामागून उंचवटा मागे टाकत होती. होडी दिसायला लागली, पाणी मुलीच्या गुडघ्याला लागलं, आता एकच उडी राहिली, आणि लाईट गेली. लोडशेडिंग! लॅबचा यूपीएस दोनदा बोंबलला आणि गपगार पडला.

वर्गाने एकसाथ उसासा टाकला. सरांनी खिशातून पेन काढलं आणि खिडकीच्या उजेडात माझ्या कागदावर सही केली. "मंजूर," ते म्हणाले. "उठा आता ताई. तुम्ही जिंकलात असंच समजू."

आई काळ्या स्क्रीनसमोरून तसूभरही हलली नाही.

"समजू कशाला?" ती म्हणाली. "अजून जिंकले नाहीये मी. लाईट कधी येते तुमच्याकडे?"