दोन मानांची, पण एकच नग

नळदुर्गात हायवे सोडून गावाकडं वळलं की डाव्या हाताला शिवलीलाचं दुकान लागतं. ‘माणिकप्पा मोटार रिवाइंडिंग’ अशी पाटी आहे. माणिकप्पा म्हणजे तिचे वडील. त्यांची नजर मंदावली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दोन्ही भाऊ पुण्याला निघून गेले आणि शिवलीला तांब्याच्या तारेपाशी बसली, ती आज पंचेचाळिशी आली तरी तिथंच आहे. नवरा सोमेश शेजारीच किराणा दुकान चालवतो. जळालेली मोटार कुणी आणली, की तो लांबूनच वास घेऊन सांगतो, "शिवलीला, पाच एचपीची दिसतीय," आणि बहुतेक वेळा चुकतो.

पाणबुडी मोटार असो की पिठाच्या गिरणीची, शिवलीलानं भरलेली वाइंडिंग दोन-चार उन्हाळे काढते, हे उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. तिला स्वतःलाही माहीत होतं. दुसऱ्याच्या हातचं काम उघडलं, की तिच्या नाकावर एक सुरकुती उमटायची.

श्रावणाच्या आधीची गोष्ट. दुपारी धाबेवाला रणधीर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. लांबलचक आणि अवजड. पोतं सोडलं तर आतून लाकडी धड निघालं, आणि त्याला वर-खाली दोन माना.

"अक्का, ह्याच्यात लाइट बसवून द्या. लाल, निळी. पळती पाहिजे."

"हे काय हाय?"

"गिटार हाय. जुनी, करंटवरची. धाब्याच्या दारात टांगतो. गिऱ्हाईक फोटो काढतंय बघा."

"दोन माना कशाला?"

"ते बनवणाऱ्याला म्हाईत," रणधीर म्हणाला. "धाब्याचा जुना माळा पाडला, तिथं घावली. आमचे अण्णा म्हणतेत, ते धाबा चालवायचे तवा कुणीतरी सकाळी येतो म्हणून ठेवून गेलं. ती सकाळ काय उजाडली न्हाय."

गाणंबजावणं हा शिवलीलाचा प्रांत नव्हता. देवळात भजन सुरू झालं की ती टाळ्यासुद्धा शेजारणीकडं बघून वाजवायची. तिनं नुसती जागा बघायची म्हणून खालच्या मानेपाशी असलेल्या पितळी झाकणाचे चार स्क्रू काढले, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

आत एक गुंडाळी होती. केसाहून बारीक तार, हजारो वेढे, आणि प्रत्येक वेढा शेजारच्याला खेटून. कुठं फुगवटा नाही, कुठं खळगा नाही. यंत्रावर भरलेली नव्हती. यंत्राचा वेढा कसा दिसतो ते तिला पाठ होतं. ही कुणीतरी हातानं भरली होती. तिनं भिंग लावून पाहिलं. मग सोमेशला हाक मारून दाखवलं. त्यालाही बिचाऱ्याला काहीतरी बोलावं लागलं. तो म्हणाला, "शेवया बऱ्या हायत."

शिवलीलाच्या नाकावर सुरकुती आली नाही. उलट तिला वाटलं, आपल्यापेक्षा सरस हात या जिल्ह्यात होता, आणि आपल्याला पत्ता नाही?

"रणधीर, म्या हिला भोकं पाडणार न्हाय," ती म्हणाली. "आठ दिवस ठेव माझ्यापाशी. ही कुणी केली ते मला बघायचंय."

"अक्का, लाइट..."

"लाइट तुझ्या धाब्याच्या पाटीला लावून देते. तू जा."

मीटर लावला तर वरच्या मानेची गुंडाळी जिवंत होती, खालची तुटलेली. तिनं खालची हलकेच उचलली. बुडाला कागदाची पट्टी होती. मोटारीत वेढ्यांखाली कागद घालतात तशीच, पण हा कागद जाड होता, पिवळा पडलेला, आणि त्यावर लाल अक्षरं होती. लग्नपत्रिका कापून घातली होती. अर्धंमुर्धं वाचता येत होतं: ‘चि. सौ. कां. सारजा’, आणि खाली ‘मु. पो. माकणी, ता. उमरगा’.

माकणी तर लोहारा तालुक्यात. म्हणजे लोहारा तालुका झाला त्याच्याही आधीची पत्रिका. इतकं कळल्यावर तिला बसवेना. रविवारी तिनं सोमेशला दोन्ही दुकानांत बसवलं आणि स्कूटर लोहाऱ्याकडं काढली.

माकणीत धरणाच्या वाटेवर एका हॉटेलात तिनं चहा सांगितला आणि पट्टी दाखवली. हॉटेलवाल्यानं पट्टी उलटीसुलटी केली, बाकावरच्या म्हाताऱ्याकडं दिली. म्हातारा म्हणाला, "सारजा म्हणली की एकच. वरल्या आळीची लेक, खालच्या आळीत दिलेली. बस पकडायला नगं म्हणून गावातल्या गावातच दिली तिला."

सारजाबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, पण आवाज असा की समोरच्या घरातलं माणूस दार लावून घेईल.

"मावशी, ही पत्रिका तुमची का?"

त्यांनी चष्मा लावला, पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली. "अगं बया! माझ्याच लग्नाची की. सत्त्याहत्तर सालची. कापली कुणी ही?"

शिवलीलानं गिटारीचं सांगितलं. आपण काहीतरी गोड आठवण घेऊन आलो आहोत असं तिला वाटत होतं. सारजाबाईंचा चेहरा मात्र हळूहळू तापत गेला.

"ज्ञानोबा!" त्या ओरडल्या. "माझा भाऊ, दुसरं कोण! अगं, औशाकडचे पाव्हणे माझ्या लग्नाला एक न्हाय आलं. एक सुद्धा न्हाय! माझा बाप दोन वर्षं त्यांच्याशी बोलला न्हाय. आणि ह्यो पत्रिका वाटायला गेलेला! वाटल्या म्हणला, हातात दिल्या म्हणला. आणि गिटारीत घातल्या व्हय?"

त्यांनी लुगड्याच्या ओच्यातून मोबाईल काढला आणि तिथल्या तिथं भावाला लावला. पुढची पाच मिनिटं शिवलीला शेंगा सोलत बसली. पलीकडून सुरुवातीला "कसली पत्रिका?" असं ऐकू आलं, आणि शेवटी अगदी बारीक आवाजात, "गिटार कुठं हाय?"

"त्याला गिटारीचीच पडलीय," सारजाबाई फोन ठेवत म्हणाल्या. मग स्वतःलाच हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "येडशीला असतो. ठेसनाजवळ. जा, बघून ये त्याला. आणि माझ्याकडून एक टपली दे."

ही हकिगत शिवलीलानं येऊन रणधीरला सांगितली, तर तो लाइटा विसरला. म्हणाला, "अक्का, मीच गाडी काढतो." तुळजापूर, धाराशिव करत ते दोघं येडशीला पोचले. गिटार मागच्या सीटवर आडवी झोपवलेली. इतकी लांब, की दोन्ही मानांची टोकं एका खिडकीतून बाहेर.

ज्ञानोबा रस्त्यावर येऊनच उभे होते. पांढरा सदरा, ताजी दाढी. रेल्वेतून निवृत्त होऊनही त्यांना बारा-चौदा वर्षं झाली होती. ते माणसांकडं आले नाहीत, सरळ खिडकीकडं गेले. बाहेर आलेल्या मानेवर त्यांनी हात ठेवला. गुरांच्या बाजारात विकलेलं जनावर पुन्हा दिसावं, तसा.

"काका, गुंडाळी तुम्हीच भरली का?" शिवलीलानं गाडीतून उतरायच्या आधीच विचारलं.

"मीच. जुन्या टेलिफोनच्या घंटीतली तार. पंधरा दिवस लागले एकेकीला."

"हातानं?"

"हातानं. बहिणीच्या शेवयाच्या पाटावर बसून."

मग चहा झाला आणि त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात वाजवत. पाच जणांचा ताफा, जत्रा, लग्नं, गणपती. त्यांच्याकडं दोन गिटारी होत्या: एक उभी धरून बोटं दाबून वाजवायची, दुसरी हवाईयन, आडवी ठेवून तारांवर पोलादाची कांडी फिरवायची. कार्यक्रम संपला की एसटीनं परत.

"कंडक्टर म्हणायचा, एका माणसाला एकच नग. दुसरा टपावर टाका," ज्ञानोबा सांगू लागले. "टपावर टाकली की बाभळीचा फाटा लागून मान मोडायची. एकदा न्हाय, तीनदा मोडली! चौथ्या बारीला म्या इरेला पडलो. सागवानाचं एकच धड केलं आणि त्यालाच दोन माना बसवल्या. म्हणलं, आता मोज की किती नग."

रणधीर मांडीवर थाप मारून हसला. "मग घेतली का आत?"

"घेतली की. पर बसंना! मधल्या वाटंत आडवी धरली तर माणसं जाईनात, उभी धरली तर छताला लागती. मी हिला मांडीवर घेऊन बसायचो. लोक इचारायचे, आजारी हाय का?"

आणि मग नळदुर्ग. एका लग्नाहून परतताना गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कंडक्टरनं दारातूनच हात जोडले. ज्ञानोबांनी गिटार रस्त्याकडेच्या धाब्यावर ठेवली, सकाळी येतो म्हणाले. घरी गेले तर रेल्वेचा कॉल आलेला. लगोलग भुसावळकडं रुजू व्हायचं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षं गेली. एकदा खास रजा काढून आले, तर रस्ता रुंद झालेला आणि धाबा जागेवर नव्हता. फर्लांगभर पुढं सरकला होता, पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

"घ्या ना, वाजवा," शिवलीला म्हणाली. रणधीरनं धाब्यावरचा स्पीकर आणला होता, तिनं वायरी जोडल्या. ज्ञानोबांनी गिटार गळ्यात घेतली. वरच्या मानेवर डावा हात ठेवला. बोटं वाकेनात. सांध्यांच्या गाठी झालेल्या. एक सूर कसाबसा आला, दुसरा फाटला. ते ओशाळून हसले, आणि गिटार उतरवून त्यांनी भिंतीला टेकवली.

"गेलं ते," म्हणाले. "तुमी आणली, बघितली, लई झालं."

रणधीर अंगणातल्या कडुनिंबाकडं बघत राहिला. शिवलीला मात्र खालच्या मानेकडं बघत होती.

"काका, ही खालची. हिला बोटं दाबाय लागत न्हायती ना? कांडी नुसती फिरवायची?"

ज्ञानोबांनी मान वर केली. "न्हाय लागत. पर गुंडाळी तुटली म्हणल्यावर ती मुकीच की."

"ती मी बोलकी करते."

बोलून तर बसली. सोलापूरहून बारीक तार मागवली, ती आली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण आजवर दोरखंड वळत होतो. फुंकर मारली तरी तार हलायची. पहिली गुंडाळी अर्ध्यात तुटली. दुसरी भरत आली असताना सोमेश शिंकला. तिसऱ्या वेळी तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पंखा बंद केला, सोमेशला त्याच्या दुकानात बसायला लावलं आणि घामाघूम होत भरत राहिली. शेतकरी मोटारी आणून दारात ठेवत आणि शटरखालून वाकून विचारत, "शिवलीलाबाई, कवा मिळंल?" ती आतून म्हणायची, "बोलू नका, वेढा चुकंल!" अकराव्या दिवशी मीटरचा काटा हलला. तिनं भिंग लावून स्वतःच्या कामाकडं पाहिलं. ज्ञानोबांच्या गुंडाळीपेक्षा उजवं नव्हतं. पण जवळपास होतं, आणि तेवढ्यानंही तिला त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, रणधीरच्या धाब्यावर सगळे जमले. सारजाबाई माकणीहून आल्या. आल्या आल्या त्यांनी भावाला ठरलेली टपली दिली. दोन टेबलं जोडून गिटार आडवी ठेवली. कांडी हरवली होती, म्हणून शिवलीलानं मोटारीच्या बेअरिंगमधली पोलादी पिन घासून गुळगुळीत करून आणली होती. ज्ञानोबांनी ती मुठीत धरली. मूठ मात्र त्यांना नीट वळत होती.

पहिला सूर निघाला तो लांबत, वळत, रस्त्यापलीकडं गेला. हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांतले दोन-तीन ड्रायव्हर हातातली रोटी तशीच धरून बघायला लागले. शिवलीलाला गाणं कोणतं ते कळलं नाही. कळलं ते एवढंच, की तिनं भरलेल्या वेढ्यांतून काहीतरी बाहेर पडतंय आणि पाणी उपसण्याशी त्याचा काही संबंध नाही.  तोंड लपवायला म्हणून ती वायरी तपासायला वाकली.

वाजवून झालं तेव्हा सारजाबाई म्हणाल्या, "चांगलं वाजवतोस. पर औशाचे पाव्हणे यायला पायजे होते." ज्ञानोबांनी दोन्ही कान धरले.

गिटार कुणाची यावर मग थोडी ओढाताण झाली, पण उलटी. रणधीर म्हणे काकांनी न्यावी. ज्ञानोबा म्हणत, इतकी वर्षं छप्पर तुमचं होतं. शेवटी सारजाबाईंनीच निकाल दिला, की घेऊन जा, म्हातारपणी हाताला चाळा पाहिजे. रणधीरनं गिटार स्वतः येडशीला पोचवली. त्याच्या फोनवर त्या दुपारचा व्हिडिओ आहे. अजूनही तो जेवणाऱ्याला रस्सा वाढता वाढता दाखवतो.

गणपती जवळ आले तसा शिवलीलाच्या दुकानात एक नवाच माणूस आला. सिद्धलिंग, उमरग्याकडच्या बँजो पार्टीचा मालक. काखेत बँजो.

"ते गिटारीचं तुमीच केलंय म्हणं? ह्याचा आवाज बसलाय. बघता का?"

शिवलीलानं समोरची साडेसात एचपीची मोटार पायानं बाजूला सरकवली, टेबल फडक्यानं पुसलं आणि बँजोचं झाकण उघडलं. आतली गुंडाळी पाहिली, आणि तिच्या नाकावर ठळक सुरकुती उमटली.

"हे कुणी भरलंय?" ती म्हणाली. "ठेवून जा. मंगळवारी ये. आणि येताना शिंकायचं न्हाय."